मरीन प्लायचा लाल रंग

गणपतीत अंगणात आंग्र्यांच्या आरमारातली गुराब, म्हणजे त्यांचं लढाऊ जहाज, उभी करायची, तीही चांगली दहा फुटी, हे मे महिन्यातच ठरलं होतं. गुराबेची सगळी शान तिच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात. पुढे लांब निघालेली, खाली झुकलेली. ती नीट वळली नाही तर लोक म्हणणार, होडी छान केलीये. म्हणून सांगाडा १९ मिमीचा आणि वरून ४ मिमीच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वळवायच्या. कोकणातला पाऊस, तेव्हा प्लाय मरीनच हवा, पाण्यात न सुटणारा.

दुकानदाराने शिक्का दाखवला, आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक. बाकीकडे १२० रुपये फूट, हा ७८ ला द्यायला तयार. वर म्हणाला, "दादा, पक्कं बिल कशाला? १८ टक्के जीएसटी उगाच जाईल." मला ते पटलं, हे लिहिताना आता लाज वाटते. टेम्पोसकट १४ हजार रोख मोजले. चिठ्ठीवर फक्त 'प्लाय ७ नग'.

पहिल्या चार पट्ट्या पातेल्यात घातल्या आणि चहा प्यायला बसलो. परत येऊन बघतो तर पाणी कोकमाच्या सरबतासारखं. पट्टी उचलली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे तिचे थर सुटून हातात आले. मरीन प्लाय ७२ तास उकळूनही सुटायला नको. हा अर्ध्या तासात गेला. सुतारकाकांनी तुकडा नखाने खरवडला. "मरीनमधला फिनॉलचा गोंद काळपट असतो ना, म्हणून साध्या गोंदात रंग घातलाय. वरची सालही रंगवलेली." मग जाडी मोजली. १९ चा प्लाय १६ भरला.

शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कारखान्याचा परवाना क्रमांक, मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला, तर तो भलत्याच कारखान्याचा निघाला. दोन मिनिटांचं काम. दुकानात उभं राहूनच करायला हवं होतं, आणि हातभर तुकडा कापून घेऊन घरी उकळून बघायला हवा होता. तुम्ही तरी करा.

दुकानदार फोनवर म्हणाला, "मी मरीन म्हटलंच नव्हतं." गुराब शेवटी पडवीत, कौलाखाली उभी राहिली, नाळेला काकांनी बांबूच्या कामट्या वळवून दिल्या. नंतर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिल आहे ना, सर?"