व्हिसा एक, आकाश तीन: ड्रोन परमिटच्या नावाखाली 43,300 रुपयांचा चुना

लिहायची लाज वाटते, पण मे महिन्यात फिरायला निघणारे आपल्यातले आणखी दहा जण त्याच एजंटच्या गळाला लागतील, म्हणून लिहितोय.

निम्म्या दापोली तालुक्यातली लग्नं माझ्या कॅमेऱ्यातून गेलीत. 249 ग्रॅमचा छोटा ड्रोन आहे. मेहुणा झुरिकला असतो, त्याच्याकडे जायचं ठरलं. पुढे इटली आणि जमलं तर फ्रान्स. ड्रोन न्यायचाच होता. व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर एकाने नंबर टाकला: 'युरोप ड्रोन परमिट, शंभर टक्के गॅरंटी'. टाकणारा ओळखीचा. आणि आपल्याकडे सातबाऱ्यापासून पासपोर्टपर्यंत काय एजंटशिवाय होतं, सांगा!

दर देशाला 6,500, तीन देशांचे 19,500. 'परीक्षा माफी'चे 7,000. 'एम्बसी अटेस्टेशन' 4,800. शेवटी 'कस्टम्स बाँड, परत मिळेल' म्हणून 12,000. सगळे जीपेवर, सगळ्यांचे स्क्रीनशॉट आहेत.

आता ती एक वेळ, जी आठवली की अजून डोकं फिरतं. मी हर्णै बंदरावर मासळीचा संध्याकाळचा लिलाव शूट करत होतो. त्या गलक्यात एजंटचा फोन. मी विचारलं, तिन्ही देशांना व्हिसा तर एकच, मग परमिटं तीन कशाला? तो म्हणाला, "सर, व्हिसा एक असतो, पण आकाश ज्याचं त्याचं." एका कानात बोट घालून मी ऐकलं आणि मला पटलं! इतकं सफाईदार उत्तर प्रामाणिक माणसाला सुचत नाही, हे आता कळतंय. पण तुम्हाला तरी त्या क्षणी कळलं असतं का? हवेचे नियम देशागणिक वेगळे असतील, असं कुणालाही वाटेल.

ते तसे नाहीत. 2020 च्या 31 डिसेंबरपासून युरोपियन युनियनमध्ये ड्रोनचे सामाईक नियम आहेत, आणि 2023 पासून स्वित्झर्लंडही त्यात आहे. बाहेरून येणाऱ्याने जिथे पहिल्यांदा उडवणार त्या देशात एकदा ऑपरेटर म्हणून नोंदणी करायची, तो नंबर बाकीच्या देशांत चालतो. स्थानिक बंदी अर्थात वेगळी; पॅरिसवर उडवायचं नाव काढू नका. कॅमेरा असला की 250 ग्रॅमच्या आतल्या ड्रोनलाही नोंदणी लागते. परीक्षा मात्र त्या वजनाला लागतच नाही. म्हणजे जी परीक्षा मला नव्हतीच, तिच्या माफीचे मी 7,000 मोजले.

एजंटने दिलेलं सर्टिफिकेट झुरिकला मेहुण्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं. सोनेरी बॉर्डर, 'युरोपियन ड्रोन अथॉरिटी', खाली सही. "भावोजी, असं ऑफिसच नाही," तो म्हणाला. विमान सुरक्षेची युरोपीय संस्था जर्मनीत कोलोनला आहे, तीसुद्धा ही नोंदणी करत नाही. ती ज्या त्या देशाचं विमान खातं करतं. नंबरची सुरुवात देशाच्या तीन अक्षरांनी होते, माझ्या नंबरात नुसतेच आकडे. क्यूआर स्कॅन केला तर गुगल ड्राइव्हवरची तीच पीडीएफ उघडली. मग मी झेंड्यावरचे तारे मोजले. बाराच्या जागी अकरा!

पहिलं उड्डाण इटलीत करायचं होतं, म्हणून त्यांच्या डी-फ्लाइट पोर्टलवर त्याच टेबलावर बसून नोंदणी केली. 6 युरो. विमा वेगळा काढला, तो तिथे सक्तीचा आहे.

'बाँड'चंही ऐका. भारतात परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे येताना अडकवतील अशी भीती त्याने घातली होती. भीती खोटी नाही. पण उपाय जाताना विमानतळावर कस्टम्सला ड्रोन दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन इथूनच नेल्याचा कागद, घेणं हा आहे. त्याला एजंट लागत नाही. वेळ हाताशी ठेवून जा. बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा.

परत आल्यावर पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न: "ड्रोन? लायसन आहे का तुमच्याकडे?" फसलेला मी, आणि चौकशीही माझीच! 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट लायसन लागत नाही, 2021 च्या नियमांतच आहे, हे मीच मोबाइलवर काढून दाखवलं. मग हद्दीचा घोळ. आरोपी नवी मुंबईचा ना, मग तिकडे जा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. ते येईपर्यंत बाकड्यावर बसलो, आल्यावर सांगितलं 'सायबरवाल्यांना भेटा'. सायबरवाले म्हणाले आधी बँकेचं पत्र आणा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार? एकाने तर "शिकलेले दिसता, तरी?" असंही ऐकवलं. या माणसांचा पगार आपण भरतो.

पैसे जाताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. खात्यात असेपर्यंतच रक्कम गोठवता येते. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. आणि अर्ज दिलात की शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आजही ऑनलाइन तक्रारीपुढे 'प्रक्रियेत' एवढंच दिसतं. तो मात्र त्याच नंबरवरून 'जपान ड्रोन परमिट, फक्त 9,000' असं स्टेटस ठेवतोय. नंबर इथे टाकणार होतो, पण तसं केलं तर बदनामीची केस माझ्यावरच होईल, असं हवालदारसाहेबांनी बजावलंय.