फुल इन्शुरन्स सांगून थर्ड पार्टी दिली, १,१४,०५० रुपयांना बुडालो

डिसेंबर २०२४ पासून हे लिहीन लिहीन म्हणत होतो, पण लाज वाटत होती. माझं आर्णी तालुक्यात कृषी केंद्र आहे. बियाण्याचं पाकीट घेताना लॉट नंबर बघा, पक्कं बिल घ्या, बिलाशिवाय कुणाला पैसे देऊ नका, हे मी अठरा वर्षांपासून गिऱ्हाइकांना सांगतो. आणि माझ्याच गाडीच्या विम्याचे पैसे मी नगदी दिले, पावती न घेता. आता मात्र मला बनावट पॉलिसी देणाऱ्या एजंटाने आमच्या भागात आणखी तिघांना फसवल्याचं कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

गाडी जून २०२० ची, १२०० सीसीची पेट्रोल. चार वर्षांत एकदाही क्लेम नाही, म्हणजे ४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) माझ्या नावावर जमा होता. जून २०२४ मध्ये नूतनीकरणाला शोरूमने १४,७८० रुपये सांगितले. तेवढ्यात बायकोच्या गावचा एक पोरगा दुकानात आला. यवतमाळात तो विम्याचं काम करतो, लग्नाकार्यात भेटणारा, मला भाऊजी म्हणणारा. म्हणाला, "भाऊजी, शोरूमवाले कमिशन खातेत. मी १०,९५० मध्ये फुल इन्शुरन्स काढून देतो, घरचंच काम आहे नं." कंपनी नावाजलेली होती, टीव्हीवर जाहिरात असलेली. मला वाटलं, कंपनी मोठी, माणूस ओळखीचा, चार हजार वाचतात. आणखी काय पाहिजे?

२७ जूनची दुपार. नुकताच पाऊस येऊन गेलेला, सोयाबीनच्या बॅगा आणि डीएपीसाठी दुकानापुढे रांग. गल्ल्यातून १०,९५० काढून त्याच्या हातात दिले. चार वाजता व्हॉट्सॲपवर पॉलिसीची पीडीएफ आली. मी ती उघडली, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर ज्याला त्याला वाटलं की मी वाचलंच नाही. वाचलं होतं. गाडी नंबर बरोबर, चेसिस नंबर बरोबर, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ३,८०,०००. ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचे) ५,८६४, थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचे) ३,४१६, बेरीज ९,२८०. खाली जीएसटी ६१५. एकूण १०,९५०.

तो ६१५ चा आकडा मी डोळ्यांनी बघितला. ९,२८० वर १८ टक्के म्हणजे १,६७० होतात. कीटकनाशकावर १८ टक्के, खतावर ५ टक्के, हा हिशोब मी दिवसातून पन्नास वेळा करतो, कॅल्क्युलेटर लागत नाही. आणि बेरीज केली तरी ९,२८० अधिक ६१५ म्हणजे ९,८९५, १०,९५० होतच नाही. त्या क्षणी मनात आलंसुद्धा की हे काहीतरी चुकलं आहे. समोर गिऱ्हाईक बॅग उचलून उभं होतं. कंपनीचा काहीतरी हिशोब असेल म्हणून मोबाईल खिशात टाकला. तो एक मिनिट मला अजून रात्री झोपू देत नाही. ६१५ हा ३,४१६ वरचा १८ टक्के होता. म्हणजे खरी पॉलिसी ४,०३१ रुपयांची, नुसती थर्ड पार्टी. त्याने पीडीएफमध्ये वरचे आकडे घातले, खालचा एकूण बदलला, आणि कराचा रकाना बदलायचा विसरला. त्याच्या खिशात ६,९१९ रुपये गेले. माणसाने एवढ्यासाठी इमान विकलं.

कुणी म्हणेल, ऑनलाइन तपासायचं होतं. तपासलं होतं! एमपरिवहनवर गाडी नंबर टाकला, कंपनीचं नाव आलं, २६ जून २०२५ पर्यंत वैध असं आलं. माझं समाधान झालं. पण त्यातून विमा चालू आहे एवढंच कळलं, त्यात माझ्या गाडीचं नुकसान धरलं आहे की नाही हे नाही. त्यासाठी पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, नाहीतर पॉलिसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून कागद स्वतः उतरवून घ्या. एजंटाने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. आणि पॉलिसीत मोबाईल नंबर कुणाचा टाकला आहे ते बघा. माझ्या पॉलिसीत त्याने स्वतःचा टाकला होता, म्हणून कंपनीचा एकही मेसेज मला आला नाही. मेसेज आला नाही हेही माझ्या लक्षात यायला हवं होतं.

११ डिसेंबरला आईला वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात दाखवून परत येत होतो. यवतमाळ सोडून आर्णीकडे निघालो, रात्रीचे पावणेनऊ. हरभऱ्यातून रोही (नीलगाय) एकदम रस्त्यावर आलं. बोनेट, बंपर, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, समोरची काच, सगळं गेलं. आई मागे होती, तिला खरचटलंसुद्धा नाही, एवढी देवाची कृपा. रोही उठून शेतात निघून गेलं. गाडी टोचन करून न्यायला ४,५०० रुपये. मनात एकच, फुल इन्शुरन्स आहे, होईल.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. तिकडून मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या पॉलिसीमध्ये ओन डॅमेज नाही." मी हातात पीडीएफ धरून बावीस मिनिटं वाद घातला. पॉलिसी नंबर तोच, गाडी तीच, नाव माझंच. तिने दुकानाच्या ईमेलवर मूळ कागद पाठवला. त्यात ४,०३१.

त्याला फोन केला तर म्हणाला, "भाऊजी, कंपनीची मिस्टेक असन, मी बघतो." दोन दिवसांनी फोन बंद. डेंटरने १,१२,४०० चं एस्टिमेट दिलं, घासाघीस करून ९८,६०० मध्ये काम झालं. कपाशीवाल्यांची उधारी यायची होती, म्हणून सोनं ठेवून पैसे उभे केले.

आता पुढचं ऐका. ठाण्यात गेलो. जमादार म्हणाले, हा आपसातला व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, व्हॉट्सॲपवर कागद आला ना, मग सायबरकडे जा. यवतमाळला सायबरवाल्यांनी सांगितलं, पैसे नगदी दिले, हे आमचं नाही, परत ठाण्यात. तिसऱ्यांदा प्रश्न निघाला की फसवणूक २७ जूनची, नवा फौजदारी कायदा (न्याय संहिता) १ जुलैपासून, मग कलम कोणतं लावायचं? अहो, गुन्हा जूनमधला तर जुन्या दंड संहितेचंच ४२० लागणार, बनावट कागदाचं ४६८ आणि ४७१ लागणार. हे मला वकिलाने पाच मिनिटांत सांगितलं. ठाण्यात त्यावर दोन खेपा गेल्या. प्रत्येक खेपेला दुकान बंद, सीझन असो की नसो. ठाणेदार साहेब कधी बंदोबस्तात, कधी मीटिंगमध्ये. शेवटी तक्रार लिहून रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवली. ठाण्यात नोंद करून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) ने तसं करता येतं. पोचपावती जपून ठेवा. पाठवल्यावर अकराव्या दिवशी ठाण्यातून फोन आला, तोवर पाच खेपा झाल्या होत्या.

वन विभागातही गेलो होतो. रोह्याने पीक खाल्लं तर भरपाई आहे, माणूस जखमी झाला तर आहे, गाडीला नाही, असं बाबूने सांगितलं. उलट त्यालाच रोही मेलं का, कुठे मेलं, यात जास्त रस.

आणि कंपनी? ती म्हणते, हा माणूस आमचा नाही, ब्रोकरचा आहे. ब्रोकर म्हणतो, आम्ही ४,०३१ ची पॉलिसी दिली, आम्हाला ४,०३१ च मिळाले. म्हणजे त्याच्या हातात लॉगिन देणारे सगळे स्वच्छ, आणि खड्ड्यात फक्त मी. टोल फ्रीवर १ दाबा, २ दाबा, शेवटी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज. कुणी काढली निकाली? मला तर कुणी विचारलंही नाही.

इरडाचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, बिमा भरोसा पोर्टल आहे, १५५२५५ वर फोनही लागतो, तिथे तक्रार टाकली. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं, नाकारल्यापासून वर्षाच्या आत, फी नाही, वकील लागत नाही. आपल्या विदर्भाची तक्रार पुण्याच्या लोकपालाकडे जाते. नागपूर शेजारी असून पुणे! पण कागद पोस्टाने, ईमेलने जातात, म्हणून सोडू नका. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात टाकलं असेल तर लोकपाल घेत नाहीत, आधी ठरवा.

स्वस्त काय नि महाग काय, तेही आता कळलं. १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टीचा दर २०२४ मध्ये ३,४१६ होता, तो सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना एकच. त्यात कुणी सूट देतो म्हणाला की तिथेच उठा. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, आणि तिथे आयडीव्ही कमी दाखवूनही प्रीमियम स्वस्त करतात. जाहिरातीतली क्लेमची टक्केवारी बघून काय करायचं? आपल्या जवळच्या डेंटरला विचारा, कोणत्या कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) किती दिवसांत येतो, कोण पैसे अडकवतं. माझ्या डेंटरने दोन मिनिटांत तीन कंपन्यांची कुंडली सांगितली. शिवाय कळलं की माझी पॉलिसी खरी असती तरी या कंपनीचं जवळचं कॅशलेस गॅरेज (जिथे बिल कंपनी परस्पर भरते) नागपूरला होतं. शोरूमवाल्या कंपनीचं यवतमाळातच होतं. ते चार हजार त्यासाठी होते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पैसे कंपनीच्या नावाने भरा, चेक किंवा कंपनीच्याच लिंकवरून. सख्खा भाऊ आला तरी नगदी नाही. ओन डॅमेजचा खंड ९० दिवसांच्या वर गेला की नो क्लेम बोनस जातो, माझा ४५ टक्क्यांचा असाच गेला. यंदा गाडीचं इन्स्पेक्शन करून शून्यापासून सुरुवात केली.

हिशोब असा: दुरुस्ती ९८,६००, टोचन ४,५००, त्याला दिलेले १०,९५०. एकूण १,१४,०५०.

ज्या तिघांचं कळलं त्यात एक पिकअपवाला आहे. क्यूआर स्कॅन केला तर त्याच्या नावाने चक्क दुचाकीची पॉलिसी निघाली, आणि वर्षभर तो त्याच कागदावर आर्णीच्या बाजारात माल वाहत होता. १७ तारखेला मला पुन्हा ठाण्यात जबाबाला बोलावलं आहे, तोही येतो आहे. आर्णी, दारव्हा, दिग्रसकडे कुणी व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर खाजगी गाडी चालवत असेल, तर आज रात्रीच जीएसटीचा रकाना काढून १८ टक्के मोजून बघा. जमत नसेल तर त्याआधी कागद घेऊन माझ्या दुकानात या, मी बसून बघून देतो.