छपरातच सोलार: पेटंट की डिझाइन, साधी रांग की जलद?

मे महिन्यातली दुपार. रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये मालकांनी कमरेएवढ्या उंचीवर तिरकी चौकट उभी केली होती आणि तिच्यावर छपराचे दोन तुकडे शेजारी शेजारी बसवले होते. वर सोलार लॅमिनेट, म्हणजे वीज बनवणारं पातळ पॅनेल, खाली दुमडलेला पत्रा, दोन्ही मिळून एकच नग. पत्रा टाकून त्यावर स्ट्रक्चर, स्ट्रक्चरवर पॅनेल, ही भानगडच नाही. त्यांनी बादलीभर पाणी थेट सांध्यावर ओतलं. पाणी फटीतून आत शिरलं, आतल्या पन्हळीतून उताराने धावलं आणि टोकाला बाहेर पडलं. खाली पसरलेलं वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत.

"बोला साहेब, पेटंट मिळेल ना?"

पेटंट अर्जांचे मसुदे लिहिणं हा माझा धंदा, बसतो नौपाड्यात. वागळे इस्टेटपासून महापेपर्यंतचे पत्रेवाले आणि सोलारवाले असाच नग घेऊन येतात आणि हाच प्रश्न विचारतात. खरं तर "मिळेल का" याच्या आधी "कशावर मागायचं" आणि "कधी मागायचं" हे ठरवावं लागतं.

डिझाइन स्वस्त आहे, पण काय राखतं?

डिझाइन नोंदणीचं आकर्षण समजण्यासारखं आहे. उद्यम प्रमाणपत्र असलेल्या छोट्या उद्योगाला अर्जाची फी १,००० रुपये. संरक्षण आधी १० वर्षं, मग मुदतवाढ घेतली तर आणखी ५. अर्ज कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात तपासला जातो, बांधकामाच्या घटकांचा वर्ग २५. पेटंटच्या मानाने सगळं झटपट आणि सुटसुटीत.

अडचण अशी की डिझाइन कायदा, २००० फक्त डोळ्यांना दिसणारं रूप राखतो: आकार, ठेवण, नक्षी, रंगसंगती. बांधणीचं तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक करामत त्याने व्याख्येतूनच बाहेर ठेवली आहे. रबाळ्याच्या त्या सांध्यात जे काही आहे ते सगळं आतल्या पन्हळीत. शेजारच्या गल्लीतल्या माणसाने तीच पन्हळ ठेवून वरची कड गोल केली, तर डिझाइनचा कागद हातात धरून बघत बसायचं. नक्कल सिद्ध झाली तरी कायद्यात ठरलेली रक्कम एका डिझाइनमागे जास्तीत जास्त ५०,००० रुपये. मनाईहुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, पण तिथेही प्रश्न दिसण्याचाच.

याउलट, येऊरच्या किंवा कर्जतच्या बंगल्यावर शोभेल असं मंगलोरी कौलाच्या रूपाचं सोलार कौल तुम्ही बनवत असाल, तर डिझाइन आधी नोंदवा. तिथे गिऱ्हाईक रूपालाच पैसे मोजतं. सोसायटीच्या सात मजली गच्चीवर किंवा कारखान्याच्या शेडवर छपराचं रूप बघतो कोण? कावळे.

"कशाला काही नोंदवायचं, गुपित ठेवू" असंही काही जण म्हणतात. पत्रा दुमडायच्या डायचं किंवा लॅमिनेट चिकटवायच्या पद्धतीचं गुपित राहू शकतं. सांध्याचं नाही राहत. शिडी आणि पाना असलेला कुणीही पाच मिनिटांत तो उघडून बघेल. चीन किंवा जर्मनीसारखं युटिलिटी मॉडेल, म्हणजे छोट्या सुधारणांसाठीचं धाकटं पेटंट, आपल्याकडे नाही. म्हणजे करामत राखायची तर पेटंटच.

तपासणीत घोडं कुठे अडतं

पेटंट २० वर्षांचं असतं, आणि मिळवताना घामही तसाच निघतो. अर्ज मुंबई कार्यालयाचा असला, म्हणजे अँटॉप हिलचा, तरी तपासणारा अधिकारी दिल्लीत किंवा चेन्नईतही बसलेला असू शकतो. सुनावणी व्हिडिओवर होते. त्याच्यासमोर पहिल्या मिनिटाला जगभरचे जुने दस्तऐवज असतात, कारण छपरातल्या सोलारला वर्गीकरणात स्वतंत्र घर आहे: सौर कौलांसाठी एच०२एस २०/२५, ऊर्जा गोळा करणाऱ्या छपरांसाठी ई०४डी १३/१८. टेस्लाने आपलं सोलार छप्पर ऑक्टोबर २०१६मध्ये दाखवलं. त्याआधी डाऊ कंपनीची सौर कौलं बाजारात येऊन बंदही झाली होती. त्यामुळे "छप्पर अधिक सोलार" या कल्पनेवर कुणी पेटंट मागायला आला, की मी आधी चहा मागवतो. सांगायला वेळ लागतो.

पहिल्या तपासणी अहवालात, आमच्या भाषेत एफईआरमध्ये, दोन आक्षेप जवळजवळ ठरलेले. एक, यात शोधाची पायरी नाही: डी-वनमध्ये, म्हणजे परीक्षकाने पुढे केलेल्या पहिल्या जुन्या दस्तऐवजात, असा पत्रा आहे, डी-टूमध्ये, म्हणजे दुसऱ्यात, असं पॅनेल आहे, दोन्ही जोडणं कुणाही कारागिराला सुचलं असतं. दुसरा आक्षेप पेटंट कायदा, १९७०च्या कलम ३(एफ)चा: ओळखीची साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिला, तर तो शोध नव्हे. पत्रा पाणी अडवतो, पॅनेल वीज बनवतं, एकमेकांशी देणंघेणं नाही. मग हे कलम बरोब्बर लागू पडतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हीच रेघ ओढली होती. तो वाद भांडी लेथवर धरायच्या साधनाचा. वर्कशॉपमधल्या साध्या सुधारणेपेक्षा जास्त काहीतरी हवं, असं न्यायालयाने म्हटलं. आजही एफईआरच्या उत्तरात तो निकाल दोन्ही बाजूंनी वापरला जातो.

मग वाट कुठून निघते? त्या दुपारी मी मालकांना पन्हळ पुन्हा दाखवायला सांगितली. नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की ती तीन कामं करते. पाणी वाहून नेते. तिच्या वरच्या खाचेतून डीसी केबल जाते, म्हणून केबल भिजत नाही. आणि तिच्या उंचीमुळे लॅमिनेटच्या पाठीमागे हवेची मोकळी वाट राहते. खालून गार हवा शिरते, वरच्या कडेने गरम निघून जाते. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज गमावतं, आणि पत्र्याला सपाट चिकटवलेलं पॅनेल तर तव्यासारखं तापतं. म्हणजे पाण्यासाठी केलेल्या सोयीमुळे वीज वाढते. इथे भाग एकमेकांच्या कामात हात घालतात. कलम ३(एफ)ला उत्तर इथूनच मिळतं.

म्हणून क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारं अर्जातलं वाक्य, "सौर पॅनेलयुक्त मॉड्युलर छप्पर" असा लिहायचा नाही. तो असा सुरू करायचा: दोन लगतच्या नगांमधली पन्हळ, जिच्या तळातून पाणी वाहतं, जिच्या वरच्या खाचेत केबल बसते आणि जिची उंची लॅमिनेटमागे सलग वायुमार्ग ठेवते. क्लेम अरुंद होतो, मालकांचा चेहरा उतरतो, पण सुनावणीत टिकतो तो हाच. सोबत मोजमाप जोडायचं: सपाट चिकटवलेला एक नग आणि पन्हळीचा एक नग, दोन्हींच्या पाठीला थर्मामीटर, एकाच दिवशी, एकाच उन्हात. आकडे मूळ अर्जातच गेले तर सर्वांत उत्तम.

एक गैरसमज जाता जाता. छप्पर गळतं का, वादळात टिकतं का, हे परीक्षक तपासत नाही. "पेटंटेड" हा शिक्का म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे, आणि दुसऱ्या कुणाचं पेटंट तुमच्या नगावर चालत असेल तर त्यातून सुटकाही नव्हे.

साधी रांग की जलद तपासणी

आकडे आधी. हे सरकारी शुल्क छोट्या उद्योगासाठी, ऑनलाइन अर्जाचं. आमची फी वेगळी.

| | साधी रांग | जलद |
|---|---|---|
| अर्ज | १,६०० | १,६०० |
| लवकर प्रसिद्धी | लागत नाही | २,५०० |
| तपासणीची विनंती | ४,००० (फॉर्म १८) | ८,००० (फॉर्म १८ए) |
| एकूण | ५,६०० | १२,१०० |

फरक साडेसहा हजारांचा. उद्यम प्रमाणपत्र नसलेल्या मोठ्या कंपनीला अर्जाला ८,००० आणि साध्या तपासणीला २०,००० पडतात. मंजुरीनंतर पेटंट २० वर्षं जिवंत ठेवायचं तर छोट्या उद्योगाला नूतनीकरणाचे एकूण ७६,८०० रुपये भरावे लागतात, तेही सुरुवातीला वर्षाला ८०० असे हळूहळू वाढत. म्हणून साडेसहा हजारांवर अडून बसू नका. खरी तुलना वेळेची आणि गुप्ततेची आहे.

जलद तपासणी सगळ्यांना खुली नाही, पण छोटा उद्योग, मान्यताप्राप्त स्टार्टअप, किंवा व्यक्ती म्हणून अर्ज करणाऱ्यांत किमान एक महिला, यांना मिळते. (घरच्या लक्ष्मीचं नाव नुसतं नावापुरतं घालू नका, अर्जदार म्हणजे हक्काची मालक.) जलद रांगेत नियमांनी मुदती बांधल्या आहेत: परीक्षकाने साधारण एक ते दोन महिन्यांत अहवाल द्यायचा, आणि तुमचं शेवटचं उत्तर गेल्यावर तीन महिन्यांत निकाल लावायचा. कुणी मंजुरीपूर्व विरोध दाखल केला तर मात्र ही मुदत बांधील राहत नाही. साध्या रांगेत २०२४च्या दुरुस्तीनंतर तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत करायची. पूर्वी ४८ होते, आणि जुन्या सवयीने चालणारे इथेच फसतात. पुढे नंबर लागेल तेव्हा लागेल.

जलद रांगेत अर्ज लवकर प्रसिद्ध करावा लागतो, हीच तिची खरी किंमत. साध्या अर्जाचा मजकूर १८ महिने बंद राहतो. पंधराव्या महिन्यापर्यंत अर्ज मागे घेतला तर तो प्रसिद्धच होत नाही आणि सुधारून नव्याने भरता येतो. जलद रांगेत महिन्याभरात सगळी रेखाचित्रं जगासमोर. नंतर सांधा बदलला तर तुमचाच जुना अर्ज नव्या अर्जाच्या आड येतो. 'पेटंट ऑफ ॲडिशन'ची पळवाट आहे: मूळ पेटंटवरच्या सुधारणेसाठी, वेगळी नूतनीकरण फी नाही, आणि मूळ शोधाच्या तुलनेत शोधाची पायरी नाही म्हणून ती नाकारता येत नाही. पण ती मूळ पेटंटच्या शेपटाला बांधलेली. ते संपलं की हीही संपली.

उलट बाजूही खरी. हक्क प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजले जात असले, तरी पेटंट मंजूर होईपर्यंत दावा लावता येत नाही. नक्कल करणारा आजच दारात उभा असेल, तर जलद रांग घ्या. माल अजून चाचणीत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: थांबा. आधी साध्या रांगेत जा. गरज पडली तर नंतर फरकाची रक्कम भरून फॉर्म १८चा १८ए करता येतो. उलटा प्रवास नाही.

पाऊस आणि प्रदर्शन

रबाळ्याच्या मालकांनी पुढच्याच महिन्यात वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधल्या एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. अर्ज भरलेला नाही आणि नग मांडणार! प्रदर्शनासाठी कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच. बाकी कुठेही नग उघडा ठेवला की नवेपणा गेला. हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. वागळे इस्टेटच्या एका ग्राहकाने अर्जाच्या आधी छपराच्या फिटिंगचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता. मी त्यांना विचारलंच नव्हतं. एफईआर आला तेव्हा डी-वन म्हणून तोच व्हिडिओ समोर.

पण छप्पर पावसात तपासल्याशिवाय छप्पर कसलं? उघड्यावर चाचणी घेणं शोधाच्या स्वरूपामुळे गरजेचंच असेल, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षातली वाजवी चाचणी कायदा माफ करतो. तरी त्यावर भिस्त ठेवून ओळखीच्या सोसायटीच्या गच्चीवर नग बसवू नका. पैसे घेऊन तर नकोच नको. त्यापेक्षा प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण अर्जाच्या आधीचा तात्पुरता अर्ज भरा. १,६०० रुपयांत तारीख मिळते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, त्यात अख्खा पावसाळा बसतो.

आम्ही तेच केलं. स्टॉल लागण्याच्या चार दिवस आधी प्रोव्हिजनल भरला. वाशीत मांडला तो फक्त वरून दिसणारा नग, सांधा झाकून. आणि बारा नग मालकांच्या स्वतःच्या शेडवर चढले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन. "साहेब, खाडीकडच्या बाजूला एका सांध्यातून थेंब पडतोय." वारा पाण्याला उताराच्या उलट ढकलत होता, बादलीने ओतलेल्या पाण्याला वारा नव्हता. सकाळपर्यंत त्यांनी पन्हळीच्या वरच्या कडेला एक आतली घडी घालून पाहिली होती. ती घडी आता पूर्ण अर्जात वेगळ्या क्लेममध्ये आहे. तिला तारीख पूर्ण अर्जाची मिळेल, प्रोव्हिजनलची नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. जलद रांगेचं अजून ठरलेलं नाही. दुसरा पाऊस होऊन जाऊ दे, असं ते म्हणतात.