सोयाबीनचं बियाणं कच्च्या पावतीवर घेऊ नका, माझे 32,400 रुपये मातीत गेले

सहा एकरांसाठी सोयाबीनच्या सहा बॅगा, 3,150 रुपयांची एक, म्हणजे 18,900. डीएपी खताच्या सहा बॅगा 1,350 प्रमाणे 8,100. ट्रॅक्टरनं पेरणी 5,400. एकूण 32,400 रुपये वावरात घातले आणि उगवलं काय, तर शंभरात पंचवीस-तीस दाणे. पेरलेल्या ओळीच्या ओळी मोकळ्या. घरची धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर बसून रडली. मी पारावर जाणं सोडलं. लिहायला लाज वाटते, पण तीच माणसं पुन्हा गावोगाव फिरतील, म्हणून लिहितो आहे.

फसवायची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात गावात बैठक, मोबाइलवर शेंगांनी लदलेल्या झाडाचा व्हिडिओ, पुढे करायला ओळखीतलाच एक शेतकरी, आणि "हा वाण दुकानात भेटत नाही भाऊ, थोडाच माल आहे." पक्कं बिल मी मागितलं होतं. मागितलंच नाही असं कोणी म्हणू नये. "पक्कं बिल घ्यान त बॅग महाग पडन, मंग देतो आणून," असं उत्तर मिळालं. पीककर्ज हातात आलं नव्हतं, पैसे उसने आणले होते. एका बॅगेमागे दोनशे रुपये वाचत असतील तर आमच्यासारखा माणूस ते वाचवणारच. बिल नाही तर बॅगेला हात लावू नका, विकणारा सख्खा मेहुणा असला तरी.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती बॅग उघडतानाची घडी. शिवणीच्या दोऱ्याशेजारी सुईची जुनी छिद्रं होती. बॅग एकदा उसवून पुन्हा शिवलेली होती. लेबल हिरवं, म्हणजे सत्यप्रत बियाणं, सरकारी प्रमाणपत्र नसलेलं, कंपनीच्याच हमीवरचं. लॉट नंबर पुसट, आणि चाचणीच्या तारखेवर बोट फिरवलं तर शाई बोटाला लागली. मी ते पाहिलं. हातात धरून पाहिलं. पण ट्रॅक्टर धुऱ्याला उभा, रात्री चांगला पाऊस झालेला, ओल उडून जाईल ही धास्ती, आणि ट्रॅक्टरवाला म्हणतो पुढच्या वावरात जायचं आहे. त्या घडीला कोणता शेतकरी पेरणी थांबवतो, सांगा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले असते तर चार-सहा दिवसांत कळलं असतं. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के लागते, तेवढे मोड आले नाहीत तर बॅग परत. घरचं बियाणं मी दरवर्षी तसंच तपासतो. पण सीलबंद बॅगेवर उगवणशक्ती छापलेली असते, त्या छापलेल्या आकड्याचेच तर मी पैसे मोजले होते!

पुढचा छळ सरकारी. कृषी कार्यालयात पहिला प्रश्न: बिल कुठे आहे? दुसरा: बॅग फोडली, आता नमुना कसा घ्यायचा? न फोडता पेरणी कशी करतात, ते मात्र सांगितलं नाही. तक्रार समिती यायला इतके दिवस लागले की तोवर मी पुन्हा उसनवारी करून दुबार पेरणी उरकली होती. मग साहेब म्हणतात, "तुम्ही मोडून टाकलं, आता पाहायचं काय?" आणि मोडलं नसतं तर हंगाम कोणी परत दिला असता? अहवालात लिहिलं, पेरणी खोल झाली, ओल कमी होती. शेजारच्या वावरात त्याच ट्रॅक्टरनं, त्याच दिवशी पेरलेलं दुसरं बियाणं हिरवंगार उभं होतं, ते कोणी पाहायला गेलं नाही. पोलीस म्हणाले, हा कृषी खात्याचा विषय. विक्रेता म्हणतो, मी दिलीच नाही बॅग.

मग मी कायदा वाचून घेतला आणि आणखी संताप आला. 1966 चा बियाणे कायदा. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 500 रुपये. दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझी एक बॅगच 3,150 ची. शेतकऱ्याला भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. कापसासाठी आपल्या राज्यानं 2009 मध्ये वेगळा कायदा केला, त्यात भरपाई आहे. मग सोयाबीन, तूर, हरभऱ्यानं काय पाप केलं? विदर्भात कापसाइतकंच सोयाबीनवर घर चालतं. नव्या बियाणे कायद्याचं विधेयक 2004 मध्येच संसदेत आलं होतं, ते तसंच पडून राहिलं.

माझी मागणी सरळ आहे. भरपाईचा कायदा सगळ्या बियाण्यांना लावा. पंचनामा आठवड्यात झाला नाही तर तलाठी आणि सरपंचांनी केलेला पंचनामा व वावरातले फोटो पुरावा धरा. बियाणं चांगलं होतं हे विक्रेत्यानं सिद्ध करावं, शेतकऱ्यानं नव्हे. प्रत्येक लॉटचा सीलबंद नमुना, घेणाऱ्याची सही घेऊन, दुकानात ठेवायला लावा.

तोवर रिकामी बॅग, लेबल आणि मूठभर बियाणं जाळू-फेकू नका, पीक निघेपर्यंत सांभाळा. दुबार पेरणी करणार असाल तर एक पट्टा तसाच सोडा. बॅगेवर क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, बियाणं कुठून आलं ते पाहता यावं म्हणूनच केंद्राचं 'साथी' पोर्टल 2023 पासून आहे. आणि ग्राहक आयोगाला घाबरू नका: बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलं आहे. मी जाणार आहे. आमच्या गावातल्या आणखी कोणी त्याच बैठकीत बॅगा घेतल्या असतील तर लाज बाजूला ठेवून कच्ची पावती घेऊन या, तक्रार एकत्रच टाकू.