चुलीविना गरम होणारं जेवण घ्या, पण खोक्यावरचं लेबल बघून

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा वरच्या मजल्यावर अडकलेल्या कितीतरी घरांत तांदूळ होते, पीठ होतं, पण शिजवायची सोय नव्हती. वीज गेलेली, सिलिंडर खाली पाण्यात. आमचं घर त्यातलंच. तेव्हापासून आगोटीच्या बेगमीत सुक्या मासळीबरोबर आणि मेणबत्त्यांबरोबर सैनिकी धर्तीची, पाणी घातलं की आपोआप गरम होणारी जेवणाची पाकिटंही आम्ही भरून ठेवतो. दोन विक्रेत्यांकडून मागवून झाली. त्यातल्या एकाचीच शिफारस करते आहे, आणि त्याचं कारण चव नाही.

चवीचं आधी उरकते. राजमा-भात खरंच चांगला. पुलाव मिळमिळीत. डाळ-भात खायला लोणचं हवंच. सासूबाईंना भाताचा मऊपणा आवडला. अन्न सीलबंद पाकिटात दाबाखाली तापवून निर्जंतुक केलेलं असतं, म्हणून फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं. आपल्या सैन्यासाठी या प्रकारच्या अन्नावर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत खूप काम झालेलं आहे. जेवणाबद्दल माझी तक्रार नाही.

खरा प्रश्न हीटरचा. जेवणासोबत एक पिशवी येते, तिच्यात राखाडी भुकटी भरलेली चपटी गादी असते. ही भुकटी मॅग्नेशियमची, सोबत थोडं लोखंड आणि मीठ. पाणी घातलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं, उष्णता निघते आणि हायड्रोजन वायू सुटतो. नुसतं मॅग्नेशियम साध्या पाण्यात फार सावकाश काम करतं, कारण त्याच्यावर थर धरतो. लोखंड आणि मीठ आलं की भुकटीत जागोजागी बारीक बारीक विद्युतघट तयार होतात आणि क्रिया एकदम जोर धरते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. बोटीचा लोखंडी भाग गंजू नये म्हणून ते जस्ताचे ठोकळे लावतात आणि खाऱ्या पाण्यात लोखंडाऐवजी जस्त झिजत जातं. इथे तसलीच झीज मुद्दाम काही मिनिटांत घडवून आणतात. दहा-बारा मिनिटांत जेवणाचं पाकीट हाताला चटका बसेल इतकं तापतं.

आता हायड्रोजन. एक ग्रॅम मॅग्नेशियममागे साधारण एक लिटर हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कितीही असलं तरी तो ठिणगीने पेटू शकतो. म्हणून हीटर पडवीत किंवा उघड्या खिडकीपाशी वापरायचा, आणि मेणबत्ती, उदबत्ती लांब ठेवायची. पुरात सगळे एकाच खोलीत बसलेले असतात. तिथे दारं-खिडक्या लावून चार-पाच हीटर एकदम चालू करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते.

मी काही वर्षं न्हावा शेव्याला क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात धोकादायक मालाची कागदपत्रं केली आहेत. त्यामुळे पार्सल आलं की माझं लक्ष जेवणाआधी खोक्याकडे जातं. पाण्याशी संपर्क आल्यावर पेटणारा वायू सोडणाऱ्या पदार्थांचा वाहतुकीत स्वतंत्र वर्ग आहे, ४.३. त्याचं लेबल निळा चौकोन, कोपऱ्यावर उभा, वर ज्योत आणि खाली ४ चा आकडा. धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांचे ठरलेले क्रमांक असतात, असे हीटर यूएन २८१३ या क्रमांकाखाली जातात. समुद्रमार्गे आयएमडीजी कोड, म्हणजे जहाजातल्या धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय नियमावली लागते, ती २००४ पासून बंधनकारक आहे. विमानाने न्यायचं तर ठरलेलं पॅकिंग, लेबल, शिपर्स डिक्लेरेशन (आत काय आहे याचं माल पाठवणाऱ्याने दिलेलं लेखी निवेदन) आणि ते तपासणारा प्रशिक्षित माणूस, सगळंच लागतं. आपल्याकडे त्यासाठी २००३ चे वेगळे नियम झाले. रस्त्यावरचा धोकादायक माल १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत येतो. गाडीवर वर्गाचं चिन्ह हवं, आणि अपघात झाला तर काय करायचं याची लेखी सूचना चालकाजवळ हवी.

काही पाकिटांत मॅग्नेशियमऐवजी कळीचा चुना असतो. त्याचा क्रमांक यूएन १९१०. तो विमानासाठी क्षरणकारी मालात, म्हणजे वर्ग ८ मध्ये मोडतो, पण समुद्रमार्गे आयएमडीजीच्या तरतुदी त्याला लागत नाहीत. मात्र काही हीटरमध्ये चुन्यासोबत ॲल्युमिनियमची भुकटी घालतात, आणि मग हायड्रोजन पुन्हा आलाच. म्हणून ‘चुन्याचा आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, आत आणखी काय आहे ते विचारा.

पहिल्या विक्रेत्याने यातलं काहीच पाळलं नव्हतं. बिलावर फक्त ‘खाद्यपदार्थ’. ट्रॅकिंगमध्ये माल संध्याकाळी उत्तरेतून निघाला आणि सकाळी मुंबई विमानतळावर दिसला. म्हणजे कुणालाही न सांगता हा माल विमानात चढला होता. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने याच प्रकारच्या हीटरच्या चाचण्या घेऊन २००६ मध्ये अहवाल दिला, की यातून सुटणारा हायड्रोजन प्रवासी विमानात धोका ठरू शकतो. इकडे आमच्या दारात खोकं आलं ते भर पावसात, कुरियरच्या मोटारसायकलवरून, पुठ्ठा लगदा झालेला. आतली एक पिशवी टम्म फुगली होती. पोरगा म्हणाला, ‘काकी, खाऊच आहे ना? पुसून घ्या.’ त्याची काय चूक? भिजू द्यायचं नाही हे त्याला सांगणारं एक अक्षरही खोक्यावर नव्हतं. आणि वाटेत पेट घेतला असता तर कोणीही आधी बादलीभर पाणीच ओतलं असतं. या मालावर पाणी चालत नाही, कोरडी वाळू लागते. निळं लेबल हे सगळं सांगतं, म्हणून ते लागतं. कोकणात चार महिने प्रत्येक पार्सल कुठे ना कुठे पावसात सापडतंच. तिथे हे लेबल गाळणं म्हणजे त्या पोराच्या जिवाशी खेळणं आहे.

दुसऱ्या विक्रेत्याला मी आधी फोन केला. हीटरमध्ये काय आहे विचारल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत, सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आतली रसायनं आणि त्यांचे धोके सांगणारा कागद, लगेच व्हॉट्सॲपवर पाठवली. म्हणाला, ‘ताई, विमानाने पाठवत नाही. ट्रकने येईल, वेळ लागेल.’ माल आला तो जाड खोक्यात, आत प्रत्येक हीटर वेगळा सीलबंद, बाहेर प्लॅस्टिकचं आवरण. खोक्यावर मर्यादित प्रमाणातल्या मालाची खूण होती: कोपऱ्यावर उभा चौकोन, वरचं आणि खालचं टोक काळं, मधलं पांढरं. आतली प्रत्येक पिशवी ठरावीक वजनाच्या आत असली की निळ्या लेबलाऐवजी ही खूण चालते, अशी सवलत आहे. यूएन २८१३ साठी ती मर्यादा धोक्याच्या पातळीनुसार ५०० ग्रॅम किंवा १ किलो आहे, आणि सर्वांत धोकादायक गटाला सवलतच नाही. भाडं जास्त पडलं. मी ते आनंदाने दिलं.

घरी हीटर तळमजल्यावर ठेवू नका. आमचे माळ्यावर असतात, घट्ट झाकणाच्या डब्यात, कौलांच्या गळतीपासून दूर. वापरलेली गादी लगेच बंद पिशवीत कोंबायची नाही, उघड्यावर पूर्ण निवू द्यायची. हीटरमधलं पाणी पिण्याचं नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा. मोपा किंवा चिपीहून विमानाने जाताना जेवणाचं पाकीट न्या, हीटर घरी ठेवा. कोकण रेल्वेच्या डब्यातही तो उघडू नका, तिथे शेजाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न असतो.

दुसऱ्या विक्रेत्याच्या मालातही दोन उणिवा आहेत. जेवणाची मुदत छापली आहे, हीटरची वेगळी छापलेली नाही. आणि सूचना फक्त इंग्रजी-हिंदीत आहेत. सासूबाईंसाठी मी त्या मराठीत लिहून डब्याच्या झाकणावर चिकटवल्या आणि तोच मजकूर त्याला पाठवला. पुढच्या मालावर छापतो म्हणाला आहे. छापून आला की फोटो टाकीन.