खाऱ्या वाऱ्यातली जुनी वॅगन आर आणि घरगुती प्रेशर वॉशर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमची २०११ ची पेट्रोल वॅगन आर रोज पावस ते रत्नागिरी अशी ये-जा करते. रस्ता किनाऱ्याच्या बाजूने भाट्याच्या पुलावरून जातो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि जांभ्या मातीचा लाल चिखल, तर एरवी खारा वारा. अशा ठिकाणी जुनी गाडी इंजिनामुळे क्वचितच मोडीत निघते. तिला गंज संपवतो. या गाडीच्या ९९८ सीसी इंजिनात आतले भाग एका तालात फिरवायला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलले की ते फारशी कुरकुर करत नाही. पत्र्याचे तसे नसते. गाडीच्या पोटाखालचा चिखल घरच्या घरी काढता यावा, या एकाच हेतूने मी गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस १५०० वॅटचा घरगुती प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाने पाण्याची धार सोडणारे यंत्र, घेतला. संपूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने तो वापरल्यावर हे लिहीत आहे.

सर्वांत मोठा फरक मडगार्डच्या आत पडला. पुढच्या चाकामागे प्लास्टिकचे लायनर आणि पत्रा यांच्या बेचक्यात माती साठते आणि पाऊस उघडल्यावरही ती आतून कित्येक दिवस ओली राहते. बागेच्या नळीने ती वरवर भिजते, निघत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, २५ अंशांचे पसरट धारेचे नोझल लावून त्या बेचक्यात पाणी सोडले की आधी गढूळ लाल पाणी येते, मग मातीचे पापुद्रे सुटू लागतात आणि बऱ्याच वेळाने खाली पडणारे पाणी नितळ होते. तोपर्यंत हात आखडता घेऊ नये, कारण अर्धवट भिजवून सोडलेली माती कोरड्या मातीपेक्षा वाईट. ओलावा, हवा आणि मीठ या तिन्ही गोष्टी ती पत्र्याला चिकटवून ठेवते.

दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी ठेवलेली बारीक भोके मात्र यंत्राने साफ होत नाहीत. तिथे खराट्याचा एक हीर पुरतो. काचेच्या रबरातून आत उतरलेले पाणी या भोकांतून बाहेर पडायचे असते. ती बुजली की दरवाजा आतून सडू लागतो आणि रंगाला फोड येईपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. वायपरखालच्या जाळीत अडकलेली पाने हातानेच वेचावी लागतात.

आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी गाडीच्या खाली जळके ऑइल फासण्याची पद्धत अजूनही आहे. मला ती पटत नाही. त्याने सांध्यांमधले रबरी बुश आणि सांध्यांवरची रबरी आवरणे (बूट) फुगून नरम पडतात, त्यावर धूळ बसून चिकट थर तयार होतो आणि पहिल्या पावसात तेच ऑइल अंगणातून विहिरीकडे वाहते. पोट स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर रबराइज्ड अँटीरस्ट कोटिंग (गंजरोधक रबरी लेप) मारून घेणे अधिक शहाणपणाचे. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलेले कोटिंग गंजाला झाकून वाढवते, म्हणून आधीची धुलाईच खरी महत्त्वाची.

यंत्राच्या ताकदीला मर्यादा घालणे आपल्या हातात आहे. धार रंगापासून फूटभर दूर ठेवावी; जिथे रंगाचा टवका उडाला आहे तिथे जवळून मारलेली धार शेजारचा रंगही सोलून काढते. एका टोकाशी एकवटणारे शून्य अंशाचे नोझल मी डब्यातून बाहेरच काढलेले नाही. बॉनेटखाली हे यंत्र अजिबात वापरू नये, कारण अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर एवढा दाब सोसण्यासाठी बनवलेले नसतात. तिथे ओलसर फडके आणि जुना रंगाचा ब्रश पुरेसा आहे.

वरच्या रंगाबद्दल थोडक्यात सांगायचे तर कोरडी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे बंद केले, एवढ्यानेच बरेच साधले. धुळीतले वाळूचे कण फडक्याबरोबर फिरतात आणि उन्हात दिसणारे गोल-गोल बारीक ओरखडे त्यानेच पडतात. आधी पाण्याने धूळ उडवून, मग कार शॅम्पूच्या पाण्यात बुडवलेल्या मायक्रोफायबरने वरून खाली पुसत यावे. भांड्यांचा साबण वापरू नये. तो मेणाचा थर काढून टाकतो.

यंत्राविषयी तक्रारी आहेत. आवाज एवढा कर्कश आहे की दुपारच्या वेळी ते चालवणे शेजाऱ्यांवर अन्यायच ठरेल. सोबतची नळी ताठ आहे आणि गुंडाळताना हमखास पीळ घेते. विहिरीच्या पाण्यातल्या बारीक रेतीने यंत्रात पाणी शिरण्याच्या तोंडाशी असलेली जाळी वारंवार तुंबते आणि ती साफ नसेल तर मोटर धडधडू लागते. घरातला साधा इन्व्हर्टर १५०० वॅटचा भार उचलत नाही, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात वीज गेली की यंत्र निमूट कोपऱ्यात. फोमची बाटली निव्वळ शोभेची. तिच्यातून फेस कमी आणि साबणाचे पाणी जास्त येते.

न ठरवता झालेला फायदा वेगळाच आहे. चिखल निघाल्यावर फिटरला न विचारता बऱ्याच गोष्टी दिसू लागल्या. डाव्या एक्सलच्या रबरी बूटला बारीक चीर गेलेली याच धुलाईत लक्षात आली. ग्रीस उडून सांधा कोरडा पडण्यापूर्वी फक्त बूट बदलून काम भागले. पूर्ण एक्सल गेला असता तर खर्च कितीतरी पटींनी वाढला असता. धुऊन झाल्यावर मात्र गाडी तशीच हँडब्रेक ओढून उभी करू नये. दमट हवेत मागच्या ब्रेक ड्रमला ब्रेकचे लायनर चिकटतात. गावात एक फेरी मारून, हलके ब्रेक लावत ते वाळवावेत आणि सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवावी.

नोंदणीची १५ वर्षे पूर्ण झाली की नूतनीकरणाचे ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी आहेच. त्यानंतर पाच वर्षांची मुदत मिळते आणि ती वापरण्याचा आमचा विचार आहे. डाव्या बाजूच्या मागच्या फूटबोर्डाला (दरवाज्याखालच्या पत्र्याला) यंत्र येण्यापूर्वीचा गंज आहे; तो कापून नवा पत्रा जोडून घ्यावा लागेल. धुऊन भागण्यासारखे ते काम नाही, त्यामुळे तपासणीच्या आधी गाडी पत्र्याचे काम करणाऱ्याकडे जाईल.