नाताळचे सिनेमे: प्रत चुकली की मजा गेली

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 'इट्स अ वंडरफुल लाइफ' शोधायला बसलात, तर एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू हाती लागू शकतात. मूळ कृष्णधवल, नंतर रंगवलेली, कुठल्याशा झिजलेल्या प्रिंटवरून उतरवलेली फुकटातली, आणि मधला जीवच काढून घेतलेली संक्षिप्त. चुकीची हाती आली की माणूस अर्ध्या तासात म्हणतो, "यात एवढं काय आहे?" एकदा बघून विसरायच्या सिनेमाला प्रत कशीही चालते. हे सिनेमे दरवर्षी बघायचे असतात, त्यामुळे इथे सिनेमाइतकंच प्रतीकडे आणि टीव्हीच्या सेटिंगकडे लक्ष द्यायचं आहे.

पहिला मान 'वंडरफुल लाइफ'चाच. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, साल १९४६, लांबी १३० मिनिटं. जेम्स स्टुअर्टचा जॉर्ज बेली बेडफर्ड फॉल्स या गावात 'बिल्डिंग अँड लोन' चालवतो. हे प्रकरण काय, ते मराठी माणसाला फार समजवावं लागत नाही. ती सरळसरळ पतसंस्था आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ठेवी, त्यातूनच शेजाऱ्यापाजाऱ्यांना घरकर्ज, आणि समोर सगळं गाव गिळायला टपलेला गावातला धनाढ्य पॉटर. अफवा उठते, ठेवीदार दारात जमतात आणि 'आमचे पैसे द्या' सुरू होतं, तो प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही ठेवीदाराला घाम फोडेल. जॉर्ज सांगतो की पैसे तिजोरीत नाहीत, ते तुमच्याच शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहेत. कुणी ऐकत नाही. मग तो स्वतःच्या मधुचंद्रासाठी ठेवलेले २,००० डॉलर काउंटरवर काढतो. पहिला माणूस हट्टाने पुरे २४२ मागतो. पुढचे थोडे वरमतात, वीसवर भागवतात. मग एक म्हातारी हळूच विचारते, साडेसतरा मिळतील का? जॉर्ज तिच्या गालाचा मुका घेतो. संध्याकाळी सहाला दार बंद होतं तेव्हा हातात दोन डॉलर उरलेले असतात. आकडे उतरत जातात तसा प्रसंग चढत जातो. हिशेबावर उभा राहिलेला एवढा चांगला प्रसंग दुसरा चटकन आठवत नाही.

आणि ती मूठ. जिन्याच्या कठड्याच्या टोकाला असलेली लाकडी मूठ सैल आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी संस्थेचे ८,००० डॉलर हरवल्याने डोकं फिरलेला जॉर्ज वर जाताना ती हातात येते आणि तो ती भिरकावायच्या बेतात असतो. त्याच रात्री उशिरा, सगळं घडून गेल्यावर, तो पुन्हा धावत जिना चढतो आणि मूठ पुन्हा हातात येते. या वेळी तो तिचं चुंबन घेऊन ती जागेवर बसवतो. संवाद नाही, संगीताचा फराटा नाही. पहिल्यांदा बघताना ही जोडी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. दुसऱ्यांदा बघताना पहिल्या मुठीलाच घशात काहीतरी येतं, कारण पुढचं ठाऊक असतं. सणाचा सिनेमा पुन्हापुन्हा बघवतो तो अशा जागांमुळे. ज्याची सगळी मिळकत 'आता काय होणार' यावर आहे, तो दुसऱ्या वर्षीच शिळा होतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: यात नाताळ उशिरा येतो. पहिला बराच वेळ जॉर्जच्या आयुष्याचा हिशेब मांडण्यात जातो आणि जीव द्यायला निघालेल्या जॉर्जला वाचवायला क्लॅरेन्स हा देवदूत पुलावर अवतरतो तोपर्यंत दीड तास उलटून गेलेला असतो. नऊला जेवून साडेनऊला लावाल तर अर्धं घर त्याच्या आधीच पेंगेल. संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू करा.

हा सिनेमा आला तेव्हा फारसा चालला नव्हता. ऑस्करची पाच नामांकनं होती, त्यांतलं एकही फळलं नाही. १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना डिसेंबरात दाखवायला एक फुकटचा सिनेमा मिळाला. फुकट म्हणून दाखवला, सारखा दाखवला म्हणून घरचा झाला. १९९३ मध्ये मूळ कथा आणि संगीत यांच्या हक्कांचा धागा पकडून तो पुन्हा मालकीत आला, पण तोवर काम झालं होतं. आपल्याकडे टीव्हीने 'अशी ही बनवाबनवी'ला जे घरपण दिलं, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की बनवाबनवी १९८८ साली थिएटरातही जोरात होता.

आता प्रत. त्या फुकटच्या काळातल्या कॉप्या आजही फिरतात. त्यांची खूण म्हणजे काळा रंग राखाडी दिसतो, पांढऱ्यातले तपशील जळून गेलेले असतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. रात्रीचा पूल, खाली काळं पाणी, वरून बर्फ, हा सगळा भाग अशा कॉपीत नुसता चिखल होतो. आणि बर्फ तर या सिनेमाची खास कारागिरी आहे. त्याआधी हॉलिवुडात बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकत. पायाखाली ते इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. इथे आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण पंख्यासमोर सोडून आवाज न करणारा बर्फ पाडला, आणि त्यासाठी आर.के.ओ. स्टुडिओच्या मंडळींना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा वेगळा तांत्रिक पुरस्कार मिळाला. चित्रीकरण एप्रिल ते जुलै, ऐन कॅलिफोर्नियातल्या उन्हाळ्यात झालं. चांगल्या प्रतीत स्टुअर्टच्या कपाळावरचा घाम दिसतो. तो अभिनय नाही, ते ऊन आहे.

रंगवलेल्या आवृत्त्या तीन: १९८६, १९८९ आणि २००७. तिसरी त्यातल्या त्यात सुसह्य. तरीही घेऊ नका. सगळी प्रकाशयोजना काळ्या-पांढऱ्याच्या अंतरावर बेतलेली आहे. त्यावर रंग चढवला की चेहरे एकाच बदामी छटेचे होतात आणि बर्फ निळसर पिठासारखा दिसतो. दोन डिस्कच्या काही पॅकमध्ये एक डिस्क रंगीत असते, घाईत तीच आत सरकते. बघून घाला. घ्यायचीच तर २०१९ मध्ये आलेली फोर-के (साध्या ब्लू-रेहूनही जास्त स्पष्ट) कृष्णधवल घ्या.

संक्षिप्त आवृत्तीला मात्र हातही लावू नका. जॉर्ज जन्मलाच नसता तर गावाचं काय झालं असतं, हा सगळा भाग तिच्यातून काढून टाकलेला आहे. मग पुलावर जीव द्यायला निघालेला माणूस पुढच्याच मिनिटाला आनंदाने ओरडत का धावतो, ते कळायला मार्ग नाही. प्ले दाबण्याआधी लांबी वाचा. १३० मिनिटांच्या आसपास असेल तर पूर्ण, १०८-११० असेल तर परत फिरा. जुन्या पाल (भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर १२५ मिनिटं दिसली तर घाबरू नका. तिथे काही कापलेलं नसतं. २४ चौकटींचा सिनेमा सेकंदाला २५ने पळवलेला असतो, त्यामुळे चार टक्के वेळ वाचतो आणि आवाज किंचित चढतो.

परदेशातल्या नातेवाइकांकडून डिस्क मागवणाऱ्यांचा पैसा बहुतेक वेळा रिजनमध्ये, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणाऱ्या विभागणीत, बुडतो. अमेरिकन डीव्हीडी रिजन १ची, आपले प्लेअर ५चे. अमेरिकन ब्लू-रे 'ए', आपले 'सी'. फोर-के डिस्कला रिजनची भानगडच नसते, ती कुठेही चालते. मात्र प्लेअर फोर-केचा लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ती चालणार नाही. त्याच पॅकमधली साधी ब्लू-रे रिजनवाली असू शकते, हेही ध्यानात असू द्या.

टीव्हीवर दोन गोष्टी करायच्या. एक, मोशन स्मूदिंग बंद. एलजीत त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. ते चालू राहिलं की टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि १९४६चा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. दोन, चित्र ताणू नका. हा सिनेमा जवळपास चौकोनी, १.३७ला १ या प्रमाणाचा आहे. ५५ इंची टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला साधारण १४-१४ सेंटिमीटर काळी पट्टी दिसायलाच हवी. 'स्क्रीन भरत नाही' म्हणून कुणीतरी झूम दाबतं आणि स्टुअर्टचं कपाळ कापलं जातं. उंच माणूस आहे, त्याला जागा द्या.

'होम अलोन' (१९९०) सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. लोकांना चोरांचे हाल आठवतात. पण पटकथेचं खरं काम सुरुवातीच्या भागात आहे. एवढं मोठं कुटुंब एका मुलाला विसरून विमानात बसतं, ही अशक्य गोष्ट पटवायची कशी? दूध सांडतं, ते पुसताना त्याचं तिकीट कागदी रुमालांबरोबर कचऱ्यात जातं. रात्री वाऱ्याने वीज जाते, गजर होत नाही, फोन बंद पडतो. सकाळी मोजदाद होते तेव्हा शेजारचं एक आगाऊ पोरगं गाडीशी घुटमळत असतं आणि तेच मोजलं जातं. एकही दुवा फुकट नाही. पोरांना पुढे पळवायची घाई असते, पण हा भाग पळवू देऊ नका. दुसरं बघायचं म्हणजे घर. भिंतींचा कागद, पडदे, गाद्या, कपडे, जिकडेतिकडे लाल आणि हिरवा. झाड दिसत नसतानाही चौकटीत नाताळ असतो. टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड हे दोन्ही रंग भडक करून गंमत घालवतो, तो बदला. जॉन विल्यम्सचं संगीत मोठं आणि कुजबुज बारीक, म्हणून सारखा रिमोट हातात धरावा लागत असेल तर साउंड मेनूतला नाईट मोड लावा. घराचा बाहेरचा भाग शिकागोजवळच्या विनेट्का इथला खरा आहे, आतल्या खोल्यांचे सेट मात्र एका बंद पडलेल्या शाळेच्या जिममध्ये उभारले होते आणि पाण्याने भरलेलं तळघर त्याच शाळेच्या तरणतलावात. गंमत म्हणजे 'वंडरफुल लाइफ'मध्ये नाचता नाचता जमीन सरकते आणि सगळे पाण्यात पडतात, तो तलावही एका शाळेचाच आहे, बेव्हर्ली हिल्समधला. इस्त्री, रंगाचे डबे आणि ब्लो टॉर्चचे प्रयोग बघून घरी प्रयोग करणाऱ्या वयाची मुलं असतील, तर शेजारी बसून बघा.

'द मपेट ख्रिसमस कॅरोल' (१९९२) हा बाहुल्यांचा म्हणून मोठी माणसं टाळतात. नका टाळू. मायकेल केनने कंजूष स्क्रूज असा केलाय की समोर बाहुल्या आहेत हे त्याच्या गावीही नाही. एकदाही डोळा मिचकावत नाही, म्हणून विनोद चालतो आणि शेवट लागतो. इथेही प्रतीचा घोळ आहेच. 'व्हेन लव्ह इज गॉन' हे गाणं थिएटरात कापलं होतं, व्हिडिओ कॅसेटवर होतं, मग मूळ निगेटिव्ह हरवल्याने वर्षानुवर्षं चांगल्या स्वरूपात मिळत नव्हतं. ती रिळं सापडली आणि २०२२पासून डिस्ने प्लसवर पूर्ण आवृत्ती आली, पण ठेवली 'एक्स्ट्रा'मध्ये. नुसतं प्ले दाबलं तर गाण्याशिवायचीच लागते. गाणं संथ आहे, लहान मुलं चुळबुळतात, हे खरं. पण स्क्रूजने काय गमावलं ते त्यातच आहे, आणि शेवटच्या गाण्यात त्याचाच सूर परत येतो. आधी ऐकलेलंच नसेल तर तो परत आल्याचं कळणार कसं?

चौथा आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही. १९७३चा झेक आणि पूर्व जर्मन सिनेमा, इंग्रजीत 'थ्री विशेस फॉर सिंडरेला'. दीड तासाच्या आतला. झेक, जर्मन आणि नॉर्वेजियन घरांत याच्याशिवाय नाताळ होत नाही. यातली सिंडरेला चुलीपाशी रडत बसत नाही. घोडा पळवते, क्रॉसबोने (आडव्या धनुष्याने) नेम धरून राजपुत्राला हरवते, आणि परीऐवजी तिच्याकडे तीन हेझलनट असतात, ज्यांतून शिकाऱ्याचा वेश, नाचाचा पोशाख आणि लग्नाचा पोशाख निघतो. शेवटी कोडं ती घालते, उत्तर त्याने द्यायचं. ड्रेसडेनजवळच्या मॉरिट्झबुर्ग किल्ल्यावरची थंडी खरी आहे. काही ठिकाणी बर्फ कमी पडला तेव्हा माशांची पूड पसरली होती आणि तिला भयंकर वास येत होता. पडद्यावर काही कळत नाही, पण हे वाचल्यावर नट घाईघाईने का चालतात असा संशय येतो.

मूळ झेक आवाज आणि इंग्रजी सबटायटल असलेलीच प्रत घ्या. इंग्रजी डब सपाट आहे. सबटायटल वाचता न येणारी लहान मुलं असतील तर घरातल्या एकाने मराठीत मोठ्याने सांगत जावं, कीर्तनकार सगळी पात्रं एकट्याने बोलतो तसं. नॉर्वेच्या टीव्हीवर हा सिनेमा दर नाताळला असाच लागतो: मागे झेक चालू, आणि राणीपासून राजपुत्रापर्यंत सगळ्यांचं बोलणं एकच पुरुष वाचतो.